डाव्या बॉक्सची वायर सोडून बाकी सगळं

मी, घरात आणि कामावर भिंगरी या नावाने ओळखली जाणारी, वय पंचवीस, धंदा मिळेल तो, मुक्काम सध्या रिपेअरवाल्या काकांच्या दुकानावरचा माळा, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असं माझ्या दादाचं म्हणणं असेल, पण दादाचं म्हणणं हा पुरावा धरू नये. मला कोणी धमकावलेलं नाही की काही पाजलेलं नाही. शेजारी काकांनी दिलेला चहा आहे, तोही बिनसाखरेचा.

लिहायचं कारण असं, की परवा मी एका मालवाहू बोटीवर स्वयंपाकघरातली मदतनीस म्हणून चढते आहे. बोटवाल्यांच्या कागदावर एक रकाना होता, ‘पश्चात वस्तू कोणाला द्याव्यात?’ रकाना बोटभर. भरायला बसले तेव्हा लक्षात आलं की कोणाला द्याव्यात हे बोटभर जागेत मावेल, पण कोणाला देऊ नयेत हे मावणार नाही. म्हणून हे जास्तीचे कागद.

माझ्या पश्चात हे सगळं अमलात आणायचं काम काकांकडे. त्यांना मी विचारलं तेव्हा ते एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसले होते आणि ‘हूं’ म्हणाले. तो होकार समजावा.

कलम १. देह. बोटीवर मेले तर तुम्हाला काही करायचं नाही, समुद्र बघून घेईल. जमिनीवर मेले तर जिथे मरेन तिथल्या रीतीने उरका. फक्त दादाने माझ्याविषयी चार शब्द बोलू नयेत. त्याला चार शब्दांत थांबता येत नाही.

कलम २. फुटकळ. सॅक, झोपायची पिशवी, कपाळाला बांधायचा दिवा आणि दोर चढायचे जाड हातमोजे खानावळवाल्या मावशींना. मावशी दोर चढणार नाहीत हे मला माहीत आहे. हातमोजे गरम पातेली उतरवायला कामी येतील. बचतही त्यांनाच, ती मोजायला फार त्रास पडणार नाही.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मी दोनदा आपटले, त्याची दोन्ही गुणपत्रकं दादाला. त्यांचा उल्लेख माझ्यापेक्षा तोच जास्त करतो, तेव्हा ती त्याच्याच भिंतीवर शोभतील.

कलम ३. बाबांचे दोन बॉक्स. हा सगळा खटाटोप यांच्यासाठीच आहे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका इमारतीतली जुनी लाकडी लिफ्ट काढली तेव्हा तिच्या केबिनचं लाकूड ते घरी घेऊन आले आणि त्यातून त्यांनी स्पीकरचे दोन बॉक्स बनवले, माझ्या कमरेएवढे उंच. डाव्या बॉक्सच्या पाठीवर अजून ‘चार माणसांपेक्षा जास्त नको’ ही अक्षरं आहेत. मी लहान असताना त्या बॉक्सवर बसायचे आणि मला वाटायचं ती ताकीद माझ्यासाठीच आहे.

बॉक्स झाले, मग अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा होता. बाबांनी दोन्ही बॉक्स हातगाडीवर घातले, वर मला बसवलं आणि आम्ही दुकानं पालथी घातली. दुकानदार वैतागायचे.

“अहो, आमच्याकडे आहेत की स्पीकर! याच्यावर ऐका.”

“तुमच्या स्पीकरवर ऐकून काय करू? घरी माझ्याकडे हे आहेत.”

“पण हा माल भारी आहे हो.”

“लिफ्टचा डबा भारी असून चालत नाही. मागचं वजन जुळावं लागतं. डब्याच्या तोलाचं नसलं तर मोटर रडते.”

बॉक्सच्या मागे आठ ओहम लिहिलेलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे काय लिहिलंय ते बाबा चष्मा वर करून वाचायचे, मग उचलून बघायचे, मग आवाज अगदी बारीक ठेवून ऐकायचे. मोठ्या आवाजात सगळेच पहिलवान वाटतात, म्हणायचे, खरा कोण ते हळू बोलताना कळतं. असं करत त्यांनी जो निवडला तो ट्रंकेसारखा दिसायचा आणि दोघांनी उचलावा लागायचा.

घरी त्यांच्याकडे एका बाईंच्या गाण्याची कॅसेट होती. कामावरून आले की बाबा दोन्ही बॉक्सच्या समोर स्टूल ठेवून बसायचे आणि डोळे मिटायचे. सगळं नीट जुळलेलं असलं की गाणं डावीकडूनही येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. गाणारी बाई बरोबर मधोमध, हवेत, आमच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली येऊन उभी राहते. मी हात पुढे करून तिला शिवायला जायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “आली वाटतं माझी सवत! चहा तिलाही टाकू का?” आणि मग ओल्या हाताने येऊन तीही ऐकत उभी राहायची.

बाबा गेले त्याआधी सर्वांसमक्ष म्हणाले होते, “घर दादाचं, बॉक्स भिंगरीचे.” दादाने दोन्ही ठेवून घेतलं. म्हणून कायदेशीर भाषेत लिहायचं तर, माझ्या मालकीचे आणि दादाच्या ताब्यातले दोन बॉक्स मी आईला देते.

कलम ४. दादा. (काकांनी हे कलम दादासमोर वाचू नये. या जागी त्यांना खोकल्याची उबळ यावी आणि त्यांनी पुढचं पान उलटावं. दादाने कागद मागितलाच तर कपाटाची किल्ली हरवलेली असावी.)

दादा फरशीच्या दुकानात मॅनेजर आहे. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, तर त्याने बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर भंगारात दिला. “ही ट्रंक घरात बरी दिसत नाही.” त्याच्या जागी एक नवा आणला. खोक्यावर ‘हजार वॉट’ आणि पुढून निळे दिवे. उचलला तर आत काही घालायचं राहून गेलंय की काय असं वाटलं. आता हलके असूनही चांगले येतात असं काका म्हणतात, ते काकांचं खरं असेल. पण हा त्यातला नव्हता. याचे हजार वॉट खोक्यावरच होते, आत उतरलेच नव्हते.

मग दादाने हॉलला नवी गुळगुळीत फरशी केली आणि ती बघायला माणसं बोलावली. फरशी बघायला माणसं बोलावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. माझ्या खोलीतले बॉक्स मला न विचारता हॉलमध्ये नेले. डाव्या बॉक्सपर्यंत वायर पुरेना, म्हणून त्याने मधे एक तुकडा जोडला, त्यावर टेप गुंडाळली आणि अख्खी वायर भिंतीच्या कडेने चिकटवून वरून रंग मारला. फार सफाईदार काम. फक्त त्या जोडात लाल वायर काळीला आणि काळी लालला जोडली गेली.

असं केलं की काय होतं? एका बॉक्समधला कागदी पडदा हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसऱ्याचा मागे ओढतो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. ढोल गायब होतो. गाणारी बाई मधोमध राहत नाही, ती कुठेच राहत नाही. सगळीकडून येते आणि तरी खोलीत नसते.

पाहुण्यांसमोर दादाने कॅसेट लावली आणि रिकाम्या पिंपातून यावा तसा आवाज आला. आई स्टूलवर बसली होती. ती इकडे बघे, तिकडे बघे. कोणीतरी म्हणालं, “बॉक्स खलास झालेले दिसतात.”

दादा म्हणाला, “होणारच. ही भिंगरी लहानपणापासून त्यांत बोटं घालत बसायची. वाट लावली बाबांच्या बॉक्सची.”

मी म्हटलं, “दादा, डाव्या बॉक्सची वायर...”

“तू गप्प बस. तुला काय कळतं? दोनदा आपटलेली तू, मला शिकवणार?”

पाहुणे हसले. वहिनी जास्त हसली. मी गप्प बसले, अगदी त्याने सांगितलं तशी. आज चार वर्षं झाली, मी गप्पच आहे. त्याच आठवड्यात सॅक उचलून घराबाहेर पडले, आणि निघताना मनाशी ठरवलं की ते वाक्य मी आता पुरं करणार नाही, तो पाया पडला तरी.

दादाने त्यानंतर आणखी दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलले. प्रत्येक वेळी तो मागे वाकतो, लाल तिथे लाल आणि काळी तिथे काळी लावतो, आणि समाधानाने उठतो. गडबड त्याच्या रंगाखाली आहे. एकात आवाज जरा वाढवला की आत काहीतरी करपल्याचा वास यायचा, दुसऱ्याला रिमोटच तीन. आवाज तोच, पिंपातला. हे मला आईकडून फोनवर कळतं आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

कलम ५. वहिनी. तिने उजव्या बॉक्सवर झाडाची कुंडी ठेवली आणि पॉलिशवर पाण्याचं कडं उमटवलं. वहिनीला माझं एक फडकं. कोरडं आहे. वापरावं.

कलम ६. तंबूवाला मालक. घर सोडल्यावर मी एका फिरत्या तंबूच्या खेळात स्पीकर टांगायच्या कामाला होते. फार मजेचं काम होतं; एका गावात तंबू उभारताना खांबावर चढले तर पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा गच्चीवर पतंग... ते राहू दे. तर हा मालक मोठ्या स्पीकरांना छोटासा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि बटण शेवटपर्यंत पिळायचा. मी सांगायचे, मालक, अ‍ॅम्प्लिफायर धापा टाकतोय, बारका स्पीकर जळेल. तो म्हणायचा, “छोटा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याला काय जाळणार गं? काहीतरीच!” पण धापा टाकणारा अ‍ॅम्प्लिफायरच बारक्या स्पीकरचा जीव घेतो. बॉक्सला झेपेल त्याहून अ‍ॅम्प्लिफायर थोडा ताकदीचाच असावा आणि बटण निम्म्यावर असावं, हे घरीदारी सगळीकडे सारखंच. हे बारके स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळायचे आणि दोष माझ्या नावावर जायचा. त्यातले जळके तुकडे मी जपून ठेवले आहेत. ते सगळे मालकाला. त्याच्या गळ्यात बांधायला दोराही सोबत देते.

कलम ७. माझा अ‍ॅम्प्लिफायर. बॉक्स दादाच्या ताब्यात होते, तरी मी त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर शोधत होते. का, ते विचारू नये. ज्या ज्या शहरात गेले तिथल्या दुकानात शिरायचे. फोनवर बाबांच्या कॅसेटची नक्कल होती. एका चकाचक दुकानात टायवाल्याने माझ्या बुटांकडे बघितलं.

“बजेट काय आहे?”

“आधी बॉक्स कसले आहेत ते विचारा.”

“मॅडम, हा लावलात ना, तर शेजारी येऊन भिंत ठोकतील!”

“मला शेजारी नकोत. बाई मधोमध हवी.”

त्याने पहारेकऱ्याला हाक मारली.

शेवटी इथे, काकांच्या दुकानात मिळाला. बंद पडलेल्या एका कॅफेतून आलेला, धूळ खाल्लेला. काकांनी आतलं बदलून उभा केला. आठ ओहमला रुळलेला, ताकद बाबांच्या बॉक्सना पुरून उरेल इतकी, उचलताना कंबर विचार करते. आवाज अगदी बारीक ठेवला तरी बाईंनी ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. काकांच्या टेस्टिंगच्या फुटक्या स्पीकरवरसुद्धा. मी काकांकडे दुकान झाडलं, वायरी सोलल्या, गिऱ्हाईक सांभाळलं, आणि तो माझा झाला. म्हणजे बघा, माझ्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे, बॉक्स नाहीत. दादाकडे बॉक्स आहेत, धड अ‍ॅम्प्लिफायर नाही.

हा काकांनीच ठेवावा. दादाला द्यायची वेळ आलीच तर आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून द्यावा.

कलम ८. डाव्या बॉक्सच्या वायरीचं ज्ञान. माझ्याकडची ही सगळ्यात मोलाची वस्तू. ती मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर जाईल, आणि दादा म्हातारा होईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर बदलत, रिमोट दाबत, पिंपातलं गाणं ऐकत बसेल. यातच माझ्या आत्म्याला शांती आहे.

मृत्युपत्र इथे संपत होतं. मी काकांकडे सहीला नेलं. काका न वाचता सही करत नाहीत. त्यांनी इस्त्री करावी तसे कागद सरळ केले, सगळं वाचलं, आणि चष्मा काढला.

“बॉक्स आईला दिलेस.”

“दिले.”

“पोकळ दिलेस.”

मी सहीचं पेन पुढे सरकवलं.

“बॉक्स बिघडल्याचं बोलणं निघालं तेव्हा आई काय म्हणाली होती तुला?”

हे मी काकांना एकदा बोलले होते, मलाच आठवत नव्हतं. आई फोनवर म्हणाली होती, “असू दे गं. तुझ्या बाबांबरोबर त्यांचाही जीव गेला. आता मी लावत नाही.”

“बरं,” काका म्हणाले, “आणि हे सगळं लागू कधी होणार? तू मेल्यावर. तू पंचवीसची, घोड्यासारखी. अजून पन्नास वर्षं तरी तू मरत नाहीस. आई फोनवर ‘काय?’ किती वेळा म्हणते?”

“आधी एखाद्या वेळी म्हणायची.”

“आता?”

“आता प्रत्येक वाक्याला.”

“मग पोरी, सूड दादावर उगवतेयस की आईवर? दादाला तर तीन-तीन रिमोट आहेत, त्याचा वेळ मजेत जातोय.”

मला काकांचा इतका राग आला की मी तशीच उठले आणि मावशींकडे जाऊन दोन ताटं जेवले. तरुण माणसाने मृत्युपत्रातून सूड घेऊ नये. फार उशीर लागतो.

परत येऊन हे लिहिते आहे:

कलम ७ मधली शेवटची दोन वाक्यं आणि कलम ८ अख्खं, मी माझ्या हाताने रद्द करते. खोडत नाही, रागाने छान लिहिलं गेलंय. फक्त लागू नाही.

कलम ९. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न बघता बोट सुटल्या दिवसापासून लागू आहे.

(काका म्हणाले, “मृत्युपत्रात असं चालत नाही. माणूस गेल्यावरच लागू होतं. याला निरोप म्हणतात.” मी म्हटलं, “निरोप तिला फोनवर ऐकू जाणार नाही. कागदावर राहू द्या.” त्यावर ते ‘हूं’ म्हणाले.)

काकांनी माझा अ‍ॅम्प्लिफायर आईला नेऊन द्यावा, दादा दुकानात असताना, आणि हे पान तिच्या हातात द्यावं. इथून पुढचं आईसाठी.

आई, चष्मा लाव. बॉक्स मेलेले नाहीत. मी त्यांची वाट लावलेली नाही, आणि तेही बाबांबरोबर गेलेले नाहीत. दादाने डाव्या बाजूची वायर उलटी जोडली आहे, एवढंच झालंय. त्याचा जोड उकरायची गरज नाही. एकदा तिथे उलटं झालंय, तू इकडे आणखी एकदा उलटं केलंस की सुलट होतं.

नवा अ‍ॅम्प्लिफायर काका लावून देतील, लाल तिथे लाल, दादाला आवडतं तसा. संध्याकाळी दादा घरी येईल, कॅसेट लावेल, आणि पुन्हा पिंपच वाजेल. तो म्हणेल, “बघितलंस? भिंगरीला धड अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा निवडता येत नाही.” म्हणू दे. मला झोंबेल, पण एवढं मी सोसते. तू मान हलव.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला आणि वहिनी अंघोळीला शिरली की अ‍ॅम्प्लिफायर बंद कर. त्याच्या मागे काकांनी ‘डावा’ अशी चिठ्ठी चिकटवली असेल. तिथे दोन छोट्या पट्ट्या आहेत, अंगठ्याने दाबल्या की वायर सुटते. लाल वायर काळ्या भोकात घाल, काळी लाल भोकात. चुकीचं दिसेल. दिसू दे. तुझी जुनी गोधडी फरशीवर अंथर, ती फरशी फार खणखणते. मग चालू कर, कॅसेट लाव, आवाज तुला ऐकू येईल एवढा ठेव, भिऊ नकोस, हा धाप टाकणारा नाही. बाबांच्या स्टूलवर बस आणि डोळे मीट.

झालं की वायरी पुन्हा होत्या तशा कर. रोज कर. वहिनीला कळलंच तर तिला गोधडीवर शेजारी बसव, फडकंही दे.

आणि एखाद्या दिवशी दादा लवकर येईल, मागे वाकून बघेल आणि ओरडेल, “आई, हे काय केलंस? लाल तिथे लाल लावायची असते!” तेव्हा त्याला काही समजावू नकोस. म्हण, “हो रे बाबा, मला काय कळतं?” आणि मग शांतपणे बघत बस. तो स्वतःच्या हाताने, नीट, मन लावून, पुन्हा सगळं बिघडवेल.

माझ्या वाटणीचा सूड मला एवढा पुरे. तू तेवढी सवत मधोमध आली की मला फोन कर. बोलू नकोस, ऐकू येणार नाही तुला. फोन बॉक्ससमोर धर.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून, पटून, शिल्लक चहा संपवून खाली सही करते आहे.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिले: रिपेअरवाले काका. ‘वाचून सही केली. खोकायची तयारी आहे.’

साक्षीदार दुसऱ्या: खानावळवाल्या मावशी. ‘मला फक्त कलम दोन वाचून दाखवलं. हातमोजे आत्ताच दिलेस तरी चालतील.’

ठिकाण: बंदराच्या मागची गल्ली, काकांच्या दुकानावरचा माळा.
दिनांक: मंगळवार, बोट सुटण्याआधीचा. तारीख काकांनी घालावी, त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर आहे.